उपकारांची वही: दूध तापेपर्यंत लिहायच्या तीन ओळी

लग्नानंतरचे पहिले सहा महिने माझी प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी होती. भाड्याचं बघ, यांची रात्रपाळी सुटू दे, गावाकडे आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे बरे कर. उपकार मानायचे ते शेवटी एका वाक्यात: "आजच्या दिवसाबद्दल, अन्नवस्त्राबद्दल तुझे उपकार मानतो, आमेन." हे वाक्य मी राहुरीला आजीच्या मांडीवर बसून शिकले. ते ओठांना इतकं पाठ होतं की म्हणताना मनासमोर ना अन्न यायचं ना वस्त्र.

आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहतो. पवनेचं पाणी एक दिवसाआड येतं. त्या दिवशी पाणी पहाटे आलं, मी झोपूनच राहिले, आणि जाग आली तेव्हा नळ कोरडा होता. धावत मोरीत गेले तर पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकणही ठेवलेलं. हे रात्रपाळीहून आले होते आणि मला न उठवता पाणी भरून झोपले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेत नेहमीचं वाक्य आलं तेव्हा मी थांबले आणि म्हणाले, "प्रभू, आज सकाळी भरलेल्या पिंपाबद्दल तुझे उपकार." आवाज जरा कापला. यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

वही तिथून सुरू झाली. आता चार वर्षं झाली, तिसरी वही चालू आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघी नव्या सुनांनी विचारलं, ताई, नेमकं कसं करता? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. वही कोणती आणि ठेवायची कुठे

शंभर पानी, रेघांची, साधी वही घ्या. सुंदर डायरी नको, कारण तिच्यात सुंदरच काहीतरी लिहावंसं वाटतं. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधून टाका, नाहीतर पेन्सिल शोधण्यात वेळ जातो आणि लिहायचं राहून जातं. वही स्वयंपाकघरातच ठेवा, ओट्यापासून हात पोचेल इतक्या अंतरावर. माझी मसाल्याच्या फळीखाली खिळ्याला टांगलेली असते. पानांवर हळदीची बोटं उमटली आहेत, आणि मला ती आवडतात.

फोनवर लिहिता येतं, पण मी सुचवणार नाही. फोन हातात घेतला की आधी दुसऱ्यांची घरं दिसतात, मग आपलं.

२. वेळ वेगळी शोधू नका, एखाद्या कामाला बांधा

"सकाळी शांत बसून लिहीन" असं ठरवलंत तर लहान मूल असलेल्या घरात ते आठवडाभरही टिकणार नाही. त्यापेक्षा असं काम निवडा जे रोज होतंच आणि ज्यात तुम्हाला नुसतं उभं राहावं लागतं. मी दूध निवडलं. अर्धा लिटर दूध मध्यम आचेवर वर यायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि तिथून हलता येत नाही. तेवढ्यात तीन ओळी होतात. कुणाला कुकरच्या शिट्ट्या सोयीच्या पडतील, कुणाला कंपनीच्या बसची वाट. पण एकच काम ठरवा आणि किमान महिनाभर बदलू नका. सकाळी लिहायचं ते आदल्या सकाळपासून आत्तापर्यंतचं.

तीनच ओळी. सुचल्या तरी दहा नकोत. रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न, तो मान्ना आठवा: दर माणशी एक ओमर (एक माप), त्या दिवसापुरता. जास्तीचा सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. याच्यावरूनच मी दुसरा नियम केला, की काल लिहिलेलं आज पुन्हा लिहायचं नाही. नवरा, मूल, घर हे पहिल्या तीन दिवसांत लिहून संपतं. खरं पाहणं चौथ्या दिवशी सुरू होतं.

३. नेमकं लिहा

सगळ्या पद्धतीचा जीव या पायरीत आहे. मोघम उपकार मनात टिकत नाहीत. "सगळ्याबद्दल" म्हटलं की त्यातलं काहीच दिसत नाही. प्रत्येक ओळ लिहिताना मी तीन गोष्टी पाहते: कुणी केलं, कधी केलं आणि त्यामुळे माझ्या दिवसात काय बदललं.

सुरुवातीला माझ्या वहीत असं होतं: "चांगला नवरा मिळाला." आता असं असतं: "रात्रपाळीहून साडेसातला आले, डोळे लाल होते, तरी बाळीला घेऊन गॅलरीत बसले. मला दोन आठवड्यांनी डोक्यावरून अंघोळ करता आली."

आधी: "पोटभर जेवण मिळालं." आता: "शेवगावहून आलेल्या बाजरीची भाकरी तव्यावर टम्म फुगली. आईंनी शेवटची, सगळ्यात गरम, माझ्या ताटात टाकली."

आधी: "शेजार चांगला आहे." आता: "वळवाचा पाऊस आला तेव्हा मी दवाखान्यात होते. खालच्या काकूंनी दोरीवरचे कपडे काढून, घड्या घालून जिन्यात ठेवले. बाळीचं लंगोटही."

दुसऱ्या प्रकारची ओळ सहा महिन्यांनी वाचली तरी तो तवा तापलेला वाटतो. पहिल्या प्रकारची ओळ कुणाच्याही घरातली असू शकते.

आपल्या मराठी शास्त्राने, म्हणजे बायबलने, हे काम आपल्यासाठी आधीच सोपं केलं आहे, असं मला नेहमी वाटतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणतो. भाकर. नगरकडच्या पोराला त्या शब्दासरशी परात दिसते, थापण्याचा आवाज ऐकू येतो, चुलीचा धूर लागतो. प्रार्थनेतला सगळ्यात घरगुती शब्द तोच आहे, आणि तो इतका नेमका आहे.

काय लिहू नये, हेही सांगते. तुलना लिहू नका. "शेजारणीच्या नवऱ्यापेक्षा आपले बरे", "तिला मूल नाही, आपल्याला आहे" असल्या ओळी उपकारासारख्या दिसतात, पण तसल्या नसतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता, इतर माणसांसारखा मी नाही म्हणून. घरी नीतिमान ठरून गेला तो मागे उभा असलेला जकातदार. माझ्या पहिल्या वहीत अशा चार ओळी होत्या. त्या मी खोडल्या.

४. सुचत नाही तेव्हा

असे दिवस येतात. पेन्सिल हातात आणि दूध वर येत चाललेलं, पण डोकं रिकामं. तेव्हा मी दोनपैकी एक करते.

एक म्हणजे घरातून मनानेच फिरते. दारापासून सुरुवात: कडी नीट लागते का? गेल्या पावसाळ्यात लाकूड फुगून लागत नव्हती, यांनी दाराला रंधा मारून घेतला. मग चपलांचा कोपरा, मग मोरी, मग खिडकी. बहुधा मोरीपर्यंत पोचायच्या आत तीन ओळी होतात.

दुसरा मार्ग १३६ व्या स्तोत्राचा. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच पालुपद येतं, त्याची दया सनातन आहे. वचनाचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, दुसरा मंडळीने. त्यात आकाश, सूर्य, चंद्र आहेत, तांबडा समुद्र आहे, राजांची नावं आहेत, आणि शेवटाकडे एकदम सगळ्या जिवांना अन्न देणारा देव येतो. समुद्र दुभंगणं आणि ताटातलं अन्न एकाच स्तोत्रात, एकाच पालुपदाखाली. कोरड्या दिवशी मी माझी ओळ लिहिते आणि पुढे तेच पालुपद जोडते: "गॅसची टाकी पाहुणे गेल्यावर संपली, आधी नाही, कारण त्याची दया सनातन आहे." म्हणून बघा. फार मोठं वचन फार लहान गोष्टीला कसं लागू पडतं, ते कानाला कळतं.

ज्यांना गाणं येतं त्यांनी लिहिण्याऐवजी गावं. ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंगाच्या चालीत देवाशी बोलायला शिकवलं. पोळ्या लाटताना ती पदं जशी बसतात, तशी पेटीवरही बसत नाहीत.

५. ज्याने केलं त्याला सांगा

वहीत लिहून देवाला सांगितलं, पण माणसाला सांगितलंच नाही, तर काम अर्धं राहिलं. प्रभूच्या शब्दाने दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, उपकार मानायला एकच परत आला. बाकीचे नऊ कृतघ्न होते असं तिथे लिहिलेलं नाही. कदाचित तेही घरी जाऊन आनंदाने देवाचे उपकार मानत असतील. पण प्रभूने विचारलं ते नऊ कुठे आहेत म्हणून. परत चालत येणं, समोर उभं राहणं, तोंडाने बोलणं, याला प्रभूने किंमत दिली.

आपल्या घरांत हे जड जातं. नवऱ्याला "थँक्यू" म्हणा, तो विचारेल आज काय झालं? "धन्यवाद" तर व्यासपीठावरचा शब्द. सासूबाईंना आभार म्हटलं तर त्या परकं मानल्यासारखं मनाला लावून घेतील. पण आपल्या भाषेत आभाराचे शब्द नाहीत असं नाही, ते वेगळे आहेत. "बरं झालं" हा त्यातला सगळ्यात चांगला. "बरं झालं तुम्ही पिंप भरलंत, माझी सकाळ धावपळीची झाली नाही." यात काय केलं तेही आलं आणि त्याने काय झालं तेही. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही. "तुमच्यामुळे आज वेळेवर झालं", "मला सुचलंच नसतं हे", "तुम्ही होतात म्हणून" हेही चालतात.

दुसरी रीत, त्या माणसाच्या मागे त्याचं चांगलं बोलणं, आणि ते त्याच्या कानावर पडेल इतक्या जवळ. आई वर्षातले चार महिने आमच्याकडे असतात. एकदा माहेरच्या फोनवर मी म्हणाले, "मेथी निवडायचं काम मला माहीतच नाही, मी उठायच्या आत आईंनी निवडून धुऊन ठेवलेली असते." त्या आत बसून ऐकत होत्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र त्यांनी मला स्वतःहून त्यांच्या आईची आमटी कशी करायची ते सांगितलं, खोबरं किती भाजायचं इथपासून. तीन वर्षांत प्रथमच.

शेजाऱ्यांसाठी तर आपल्याकडे बिनशब्दांची रीत आहेच: आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. खालच्या काकूंकडून होळीला पुरणपोळी येते, दिवाळीला चकल्या येतात. आमच्याकडून नाताळात करंज्या आणि शंकरपाळे जातात. मध्ये काही नसेल तर मी डब्यात दोन लिंबं, थोडी साखर, काहीतरी घालते. कोण कुठल्या देवाला हात जोडतं हे त्या डब्याने कधी विचारलं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कौतुक करताना त्याला मागणी चिकटवू नका. "आज भांडी घासलीत, बरं झालं, रोज घासत जा" म्हटलं की पहिलं वाक्य वाया गेलं. मागणी करायची असेल तर दुसऱ्या वेळी, सरळ करा.

६. संध्याकाळची प्रार्थना

आपल्याकडे जेवणाआधी किंवा झोपण्याआधी कौटुंबिक प्रार्थनेची सवय असते. तिच्यात एकच बदल करा: मागण्या सुरू होण्याआधी प्रत्येकाने आजची एक नेमकी गोष्ट सांगायची. एक वाक्य, जास्त नाही. हे पहिल्या आठवड्यात "पास" म्हणायचे. मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री म्हणाले, "आज मशिनवर हात जाता जाता वाचला," आणि ते मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. आमची मुलगी अडीच वर्षांची आहे, ती रोज "चिऊ" म्हणते. खिडकीत खरंच चिमणी येते. मी ते तिच्या नावाने वहीत लिहिते, आणि तिच्यासाठी रोज-नवं-हवं हा नियम लावत नाही.

७. सर्व स्थितीत

आता अवघड भाग. गेल्या वर्षी मला दिवस राहिले आणि जुलैत, दहाव्या आठवड्यात, गर्भ गेला. भेटायला आलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, "यातही देवाचे उपकार मान, शास्त्रात सांगितलं आहे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या गेल्यावर मी वही खिळ्यावरून काढून कपाटात टाकली.

तिथल्या वचनाकडे मी पुढे नीट पाहिलं. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. "स्थितीत", "स्थितीबद्दल" नव्हे. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण माझ्यासाठी तो सगळा फरक होता. मला गेलेल्या गर्भाबद्दल उपकार मानायला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसांतही देव आणि त्याची माणसं माझ्या खोलीत होती, तेवढं पाहायला सांगितलं होतं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू आधी रडला. पित्याचे आभार त्याने त्यानंतर मानले.

एकोणीस दिवस पानं कोरी आहेत. त्यांवर मी तारखा घातल्या आहेत, मजकूर नाही, आणि ती पानं मी फाडणार नाही. विसाव्या दिवशी ओळ आहे: "आईंनी केस विंचरून वेणी घातली. काही बोलल्या नाहीत." एकच ओळ. तेवढी पुरली.

म्हणून वाईट काळासाठी माझी पद्धत अशी: तीन ओळींचा नियम सोडा. आधी दुःख लिहा, जसं आहे तसं. तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच "कधीपर्यंत" हा प्रश्न चार वेळा येतो, आणि गाणं येतं ते शेवटच्या वचनात. तेही स्तोत्रच आहे, तेही प्रार्थनाच. गाणं आलं नाही तर कोरी तारीख ठेवा. कोऱ्या तारखेचाही देव वाचक आहे.

आणि हे ठळक सांगायला हवं. नवरा किंवा सासरचं कुणी मारत असेल, उपाशी ठेवत असेल, पैशासाठी छळत असेल, तर ती उपकारांची वही भरून सोसायची गोष्ट नाही. कुणी तुम्हाला "कुरकुर करू नकोस, प्रार्थना कर" एवढंच सांगत असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा: माहेरी, विश्वासातल्या पाळकीणबाईंकडे, पोलिसांकडे. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा ख्रिस्ती बायकांनाही तितकाच लागू आहे. तसंच बाळंतपणानंतर किंवा गर्भ गेल्यावर दोन आठवड्यांहून जास्त मन काळवंडलेलं राहिलं, झोप-भूक गेली, बाळाकडे बघवेना, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नव्हे. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

८. शनिवारी मागे वळून

रविवारच्या उपासनेचे कपडे इस्त्री करून झाले की मी आठवड्याच्या एकवीस ओळी वाचते. दहा मिनिटांचं काम. एका ओळीवर खूण करते, ती रविवारी देवळात मनात घेऊन जायची.

वाचताना आणखी काही कळतं, ज्याची मला अपेक्षा नव्हती. कोण दिसत नाही ते. एका महिन्यात आईंचं नाव रोज होतं आणि यांचं फक्त दोनदा. मी चिडले नाही, वहीच यांच्या हातात दिली. यांनी वाचली. चाकणला जायला-यायला तीन तास जात होते आणि घरी आल्यावर बोलायला ताकद उरत नव्हती, ते त्या रात्री बोललो. दुसऱ्या एका महिन्यात माझ्या भावाचं नाव कुठेच नव्हतं. त्याला फोन केला.

वर्षाचं वाचन ३१ डिसेंबरला. रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे साक्षी होतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेक जण उभं राहून सांगतो. पूर्वी मी उभी राहायची नाही, कारण माझ्याकडे मोठं काही नसायचं: ना कुणी मरणातून उठलं, ना कर्ज एका रात्रीत फिटलं. गेल्या वेळी उभी राहिले आणि वहीतल्या बारा ओळी वाचल्या, महिन्याला एक. जुलैची "कोरं" अशी वाचली. शमुवेल संदेष्ट्याने दगड उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असं नाव दिलं आणि म्हणाला, येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केलं. "येथवर" या शब्दात पुढचं काहीच सांगितलेलं नाही. इथपर्यंत, बस.

९. मूठ

हे ऐच्छिक, पण करून पाहा. राहुरीला माझी आजी दळायला किंवा शिजवायला धान्य घेतलं की आधी एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि रविवारी ते देवळात न्यायची. मी तांदळाची मूठ काढते, रोज एकदा. माझी मूठ पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे महिन्याला दीड किलो. दीड किलो तांदळाने कुणाचा संसार चालत नाही, पण आमच्या मंडळीतल्या एका एकट्या आजींचं दहा-बारा दिवसांचं भागतं. कापणीच्या सणाला वेगळं न्यायचं. तिथे आमच्या कुंडीतल्या मूठभर मिरच्यांचा लिलाव एकदा दीडशे रुपयांना झाला होता, आणि त्या वर्षीची ती ओळ बाळीच्या बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.

वही भरली की पुठ्ठ्यावर "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन तारखा घालते आणि लग्नाच्या साडीशेजारी ट्रंकेत ठेवते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुन्या वहीतली शेवटची ओळ उतरवून घेते, म्हणजे कोऱ्या पानाची भीती वाटत नाही. सध्याच्या वहीची पहिली ओळ अशी आहे: "आज नळ सव्वापाचला आला. दोघेही जागे होतो."